आधी खाली जा आणि पेटीवर नाव लाव

प्रिय मावशी,

मी नागपूरची, मानेवाड्याची. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीत माग्डेबुर्गला एम.एस. करायला आले. आज एकतिसावा दिवस. आनमेल्डुंग, म्हणजे शहरात नाव नोंदवणं, वेळेत केलं. बँकेत खातं उघडलं, त्याला तीन आठवडे झाले. पण कार्ड येत नाही, पिन येत नाही. ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले आणि दरमहा ठरावीकच सुटणारे पैसे मोबाईलवर दिसतात, हातात येत नाहीत. हेल्थ इन्शुरन्सचं कार्डही नाही. नागपूरहून आणलेले युरो संपले, वर्गातल्या एका मुलाकडून उसने घेतलेत. घरात आणखी दोघी आहेत, एक जर्मन, एक केरळची. दोघी आपापल्या खोलीत. महिना झाला, त्यांना माझं नाव तरी माहीत असेल का, शंकाच आहे. साडेचारलाच अंधारून येतं. रजई घ्यायची राहिली, जॅकेट पांघरून झोपते. बाबा रोज फोन करून एकच विचारतात, "कार्ड आलं का?" परवा मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, इथली पोस्ट एकदम बेकार आहे, मी काय करू? खाली दाराबाहेरच्या पत्रपेटीवर माझ्या जागी अजून आधीच्या भाडेकरूचंच नाव आहे, ते बदलायचं राहिलंय, पण तो काही मुद्दा नाही. मुद्दा हा की मी इथे असले काय आणि नसले काय, कोणाला फरक पडत नाही. घर तारण ठेवून कर्ज काढलंय, म्हणून परत यायची लाज वाटते. तरी विचारते, परत येऊ का?

— एक वाचक

बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर थांबले. "पेटीवर अजून आधीच्या भाडेकरूचंच नाव आहे, पण तो काही मुद्दा नाही." अगं, तुझ्या अख्ख्या पत्रात मुद्दा असेल तर तो तेवढाच आहे.

आपल्याकडे पत्ता म्हणजे गोष्ट असते. मानेवाडा रिंग रोड, अमक्या मंदिराच्या मागे, दुसरी गल्ली, पिवळं घर. पोस्टमनला नाहीच सापडलं, तर तो पानठेल्यावर विचारतो आणि पानठेलेवाला तुझ्या बाबांच्या बदलीच्या गावापासून सगळं सांगतो. कुरिअरवाला तर फोनच करतो, "मॅडम, फाटकाजवळ उभा आहे." तिथे तसं नाही. जर्मनीत पत्त्यात रस्त्याचं नाव आणि इमारतीचा नंबर असतो, फ्लॅटचा नंबर बहुधा नसतोच. त्या इमारतीतलं कोणतं घर तुझं, हे ओळखायची एकच खूण: पेटीवरचं आणि बेलवरचं नाव.

आता मी सांगते तुझं कार्ड कुठे गेलं असणार. सकाळची वेळ, पोस्टमन तुमच्या दारात सायकल लावून उभा आहे. हातात तुझ्या नावाचं पाकीट. समोर आठ-दहा पेट्या. तो पहिल्या पेटीवरचं नाव वाचतो, दुसऱ्या, तिसऱ्या, शेवटच्या. तुझं आडनाव कुठेच नाही. कोणाला विचारायची तिथे रीत नाही आणि दुसऱ्याच्या पेटीत तो ते टाकणार नाही. पाकीट पुन्हा पिशवीत जातं. काही दिवसांनी पिनचं पाकीट येतं, कारण कार्ड आणि पिन बँका मुद्दाम वेगवेगळ्या पाकिटांतून पाठवतात. तेही परत. मग इन्शुरन्सचं. आणि त्या वेळी तू दोन मजले वर, जॅकेट पांघरून, या देशाला माझी पर्वा नाही म्हणून रडत असतेस.

पर्वा नसती तर पाकिटं आलीच नसती ना!

बाबांना तू पोस्ट बेकार आहे म्हणून सांगितलंस, ते मला अजिबात आवडलं नाही. त्या माणसाने राहतं घर बँकेकडे तारण ठेवलं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,904 युरो भरले, म्हणजे आपल्या 12 लाखांच्या घरात, तेव्हा कुठे तुला व्हिसा मिळाला आणि महिन्याला 992 युरो तुझ्या खात्यात येऊ लागले. ते रोज "कार्ड आलं का" विचारतात, कारण "जेवलीस का, तुझे हाल तर होत नाहीत ना" हे विचारायची त्यांची पद्धत तीच आहे. आणि तू ओरडलीस कशावर? ज्या गोष्टीला दोन मिनिटं आणि बोटभर कागद लागला असता, तिच्यावर. आज त्यांना फोन कर आणि खरं सांग. "बाबा, पोस्ट चांगली आहे. पेटीवर मी नावच लावलं नव्हतं." ते क्षणभर गप्प होतील. होऊ दे.

आता दुसरं. "बदलायचं राहिलंय" असं तू लिहितेस. मला ते पटत नाही. तू विसराळू पोरगी नाहीस. व्हिसाची कागदपत्रं जमवलीस, दोन आठवड्यांच्या आत आनमेल्डुंग केलंस, खातं उघडलंस. कायद्याने जिथे नाव लिहायला लावलं तिथे तू मुकाट्याने लिहिलंस. जिथे कोणी सांगणार नव्हतं, आपण होऊन उठून लिहायचं होतं, तेवढी एकच जागा सोडलीस. रजईचंही तेच. रजई काही महाग वस्तू नाही, ती तू घेतली नाहीस, कारण रजई घेतली की हिवाळा काढावा लागतो. अजनी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बॅगेला टेकून बसावं, तशी तू तिथे महिनाभर बसली आहेस. कधीही उठून निघता यावं म्हणून.

हे मी तुला इतक्या ठामपणे का सांगते, ते ऐक. 1979 साली मी यवतमाळहून नागपूरला शिकायला आले. धंतोलीत एका कुटुंबाकडे मागची खोली मिळाली. तेव्हा दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्याने पत्त्यात "द्वारा श्री. अमुक अमुक" अशी ओळ घालायची असे. आईला पत्ता कळवताना मी ती ओळ गाळली. आपण लोकांच्या घरात राहतो हे पाकिटावर लिहिलेलं सगळ्या जगाला दिसणार, याची लाज वाटली. शिवाय मनात पक्कं होतं की दिवाळीला घरी गेले की परत फिरकायचंच नाही, मग कशाला हवा पक्का पत्ता? दोन महिने आईचं एकही पत्र नाही. मी रात्री रडायची, आईला माझी आठवणसुद्धा येत नाही म्हणून. एका दुपारी बघते तर आई दारात. पहाटेच्या एसटीने निघून, अर्धा दिवस धंतोलीत घर शोधत फिरली होती. चपलांवर, लुगड्याच्या काठावर धूळ. हातात तीन आंतर्देशीय पत्रं, तिन्ही पोस्टाचा शेरा मारून यवतमाळला परत गेलेली. ती रागावली नाही. पाणी मागितलं, प्यायली आणि पत्रं माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "घे वाचून. शिळी झालीत आता."

त्या पत्रांत काय होतं ते मी कोणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगत नाही. पण "पेटीवरचं नाव हा मुद्दा नाही" असं कोणी म्हटलं की मला आईच्या चपलांवरची धूळ दिसते.

तेव्हा परत येऊ का, हा प्रश्न मी आज हातातच घेत नाही. तुझ्यापर्यंत ते शहर पोचूच शकलेलं नाही, तर ते कसं आहे हे तू ठरवणार कशावरून? आज एकच काम करायचं. एक कागद घे. पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच, मोठ्या अक्षरांत आडनाव लिही. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नावही असतं, मग तिथल्या फॉर्ममध्ये कोणी कसं भरलं याचा घोळ होतो, म्हणून नावाचं पहिलं अक्षर आणि पूर्ण आडनाव, दोन्ही असू दे. तुझं आडनाव इथे छापत नाही, पण लांबलचक आहे, पट्टी जरा मोठी काप. तशाच दोन पट्ट्या कर, एक पेटीला, एक खालच्या बेलला.

मग त्या जर्मन मुलीच्या दारावर टकटक कर आणि चिकटपट्टी माग. तिथे तिला टेसाफिल्म म्हणतात, नुसतं टेसा म्हटलंस तरी कळेल. तुझ्याकडे चिकटपट्टी असली तरी तिच्याकडूनच माग. ती विचारेल कशाला हवी, तू पट्टी दाखवशील, आणि तुझं आडनाव ती पहिल्यांदा मोठ्याने वाचेल. चुकीचंच वाचेल. मग तू ते नीट म्हणून दाखव. "माझं नाव त्यांना माहीत असेल का" असं तू मला विचारतेस, पण ज्या घरात राहतेस तिथे तू ते कुठेही लिहिलेलं नाहीस, मग त्यांना ते कुठे दिसायचं? महिनाभर त्या दोघींनीही असंच म्हटलं असेल, की तिसरी आहे खरी, पण तिच्या खोलीचं दार कायम लावलेलं असतं. पेटीवर नाव लावायला घरमालकाची परवानगी लागते का, हेही तिलाच विचार. काही इमारतींत हाउसमाइस्टर, म्हणजे देखभाल करणारा माणूस, छापील पट्टी लावून देतो. तसं असेल तर त्याला उद्या मेल कर, पण ती येईपर्यंत कागदाची आजच लाव. आधीच्या भाडेकरूचं नाव ओरबाडून काढू नकोस, त्याच्या खाली लाव. त्याचीही काही पत्रं वाट चुकून येत असतील.

मग उद्या बँकेला कळव की पत्त्यावर नाव नव्हतं, कार्ड आणि पिन नव्याने पाठवा. इन्शुरन्सवाल्यांनाही तेच. आणखी दोन गोष्टींवर लक्ष ठेव. 11 आकडी कर क्रमांकाचं पत्र, कारण पुढे पार्टटाइम काम धरलंस आणि तो नसला तर पगारातून भरमसाट कर कापला जातो. आणि रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र. ती माणशी नसते, घरटी असते, महिन्याला 18.36 युरो. तुम्हा तिघींपैकी एकीने भरली की झालं, बाकी दोघींनी फक्त तसं कळवायचं. ते पत्र परत गेलं म्हणून वर्गणी माफ होत नाही, थकबाकी चढते.

तू इंजिनिअर आहेस आणि ज्या विद्यापीठात गेलीस त्याला ऑटो फॉन गेरिकेचं नाव आहे, म्हणून एक आठवण करून देते. शाळेच्या पुस्तकात तू ते चित्र पाहिलं असशील. धातूचे दोन अर्धगोल एकमेकांवर बसवून त्याने आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंनी घोडे जुंपले. घोड्यांनी जीव तोडून ओढलं, गोल सुटले नाहीत. मग छोटीशी झडप उघडून हवा आत घेतली की तेच गोल नुसत्या हातांनी वेगळे होत. सतराव्या शतकात हा माणूस तुझ्या माग्डेबुर्गचाच महापौर होता. महिनाभर तू घोडे जुंपले आहेस. बँकेला फोन, बाबांना फोन, उसने पैसे, आणि आता मला पत्र. झडप खाली दाराबाहेर आहे.

रजईचं मात्र कार्डापर्यंत लांबवू नको. टेसा मागायला जाशील तेव्हाच केरळच्या पोरीलाही विचार, जास्तीचं काही पांघरूण आहे का. केरळात थंडी ती काय असणार, ती तुझ्याहून जास्त कुडकुडली असेल आणि तुझ्याआधी दुकान शोधून बसली असेल. नसेल तर उसने पैसे आणखी घे, पण शनिवारच्या आत आण. रविवारी तिथे दुकानं बंद असतात आणि अजून एक रात्र जॅकेटमध्ये काढलेली मला चालणार नाही.

पट्टी लावल्यावर फोटो काढ. पहिला बाबांना, मग मला. आणि पेटी दाराबाहेर आहे म्हणालीस, तेव्हा अक्षरांवरून कडेपर्यंत चिकटपट्टी ओढून घे, नाहीतर पहिल्याच पावसात शाई ओघळेल.

— मावशी