नाव कळायच्या आधी

प्रिय मित्रा,

तुझी टिपणं दोनदा वाचली. गवतातली ती तीरचिमणी नेमकी कोणती, हे तीन दिवस सुटत नाही म्हणून तू खट्टू झालायस. होऊ नकोस, तीरचिमण्या भल्याभल्यांना चकवतात. चुकलास ते दुसरीकडेच: पक्षी समोर असताना मान खाली घालून पुस्तक चाळत बसलास. पुस्तक घरी गेल्यावरही मिळेल, वाटेवरचा पक्षी पुन्हा भेटेलच असं नाही. आधी वही काढ, आणि दिसलं तेवढंच लिही.

सुरुवात चेहऱ्यापासून कर. चोच आणि डोळा यांच्यामध्ये ठळक काळसर रेघ असेल, तर टॉनी पिपिटचा विचार करायचा (पिपिट म्हणजे आपली तीरचिमणीच). रिचर्ड्स पिपिटची तीच जागा फिकट असते, त्यामुळे चेहरा मोकळा दिसतो. छातीवरच्या रेघोट्यांवर फार विसंबू नकोस, टॉनीच्या पिल्लांनाही त्या असतात. मग मागच्या बोटाचं नख: रिचर्ड्सचं लांबलचक, ब्लिथ्स पिपिटचं त्या मानाने आखूड. गवतात नख कसं दिसणार, म्हणशील. खरंय, म्हणून पक्षी ढेकळावर चढेपर्यंत बसून राहायचं. त्याला उठवायला मागे धावायचं नाही. पुढच्या प्रवासासाठी तो पोट भरत असतो.

पक्षी उतरताना मात्र नजर हलवू नकोस. उंच गवतात शिरण्याआधी रिचर्ड्स पुष्कळदा पंख फडफडवत क्षणभर हवेतच थबकतो. उडताना त्याचा मोठा, खरखरीत ‘श्रीप’ ऐकू आला, तर तो पिसांपेक्षा भरवशाचा पुरावा.

एक माझंही सांगतो. गवतावरून तरंगत गेलेला एक कोवळा भोवत्या, म्हणजे हॅरियर हा शिकारी पक्षी, मी वहीत ‘पॅलिड हॅरियर’ म्हणून लिहून टाकला. मानेभोवतीचं फिकट कडं मला अगदी स्पष्ट दिसलं होतं. रात्री फोटो मोठा करून पाहिला, तर कडं नव्हतंच. दुर्मीळ पक्षी हवा होता, म्हणून डोळ्यांनी तो दाखवला. ती नोंद खोडताना फार वाईट वाटलं, पण खोडली.

तुझ्या पक्ष्यापुढे सध्या ‘तीरचिमणी, जात अनिश्चित’ एवढंच लिही. तारीख आणि वेळ घाल. आवाज टिपला असशील तर पाठव. आणि मागच्या नखाबद्दल तू एक शब्दही लिहिलेला नाहीस, आठवत असेल तर ते आधी कळव.

तुझा,
काका