फ्रान्समध्ये इंग्रजी वापरलं की दंड?

प्रश्न : फ्रान्समध्ये इंग्रजी वापरलं तर दंड होतो म्हणे, खरं का नुसत्या बाता? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खरंय, पण बोलण्यावर दंड नाही हो, घरीदारी काय वाट्टेल ते बोला! 1994 चा तूबों कायदा आहे, त्यानुसार जाहिराती, मालाची माहितीपत्रकं, कामगारांना लागणारी कागदपत्रं फ्रेंचमध्ये पाहिजेत म्हणजे पाहिजेतच. इंग्रजी स्लोगन चालतं पण सोबत फ्रेंच भाषांतर हवं, तेही तितकंच नीट वाचता येईल असं, मग कंपन्या काय करतात, स्लोगनवर छोटासा स्टार मारून खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात फ्रेंच टाकून मोकळ्या. पळवाटा तिथेही आहेतच की!

पण दरवेळी सुटका नाही होत. जीई मेडिकल या वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने तिथल्या कर्मचाऱ्यांना सॉफ्टवेअर आणि टेक्निकल कागद इंग्रजीतच दिले, प्रकरण कोर्टात गेलं आणि 2006 मध्ये वर्सायच्या कोर्टाने 5 लाख 80 हजार युरोंचा दणका दिला. मला विचाराल तर कायद्याचा खरा उपयोग हाच. बाकी परकीय शब्दांऐवजी सरकारने ठरवलेलेच फ्रेंच शब्द खासगी लोकांनीही वापरायचे अशी सक्ती होणार होती, ती 1994 मध्येच तिथल्या संविधान परिषदेने (कायदे संविधानात बसतात का ते तपासणारी संस्था) उडवून लावली, बरंच झालं म्हणायचं.