'वीकिंग' हे क्रियापद नव्हे

"वायकिंग हे लोकांचं नाव नव्हतंच, मुळात ते क्रियापद होतं, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. खरं आहे का?" या प्रश्नाचं उत्तर: अर्धं खरं. कुठल्या जमातीचं नाव नव्हतं, हे बरोबर. पण क्रियापदही नव्हतं.

जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे मध्ययुगीन स्कँडिनेव्हियाच्या भाषेत, दोन वेगळी नामं आहेत. 'वीकिंग' स्त्रीलिंगी, म्हणजे समुद्रावरची लुटीची मोहीम. 'वीकिंग्र' पुल्लिंगी, म्हणजे त्या मोहिमेवर जाणारा. आपल्याकडे 'स्वारी' आणि 'स्वार' आहेत, तसंच. (उच्चार 'वी'च, 'वाय' इंग्रजीने केलं.) शेवटचा 'र्' हा पुल्लिंगी प्रथमा एकवचनाचा प्रत्यय. संस्कृत 'वृकः'मधला विसर्ग आणि नॉर्स 'उल्फ्र'मधला, म्हणजे लांडग्यामधला, हा 'र्' एकाच मुळातून आलेत. मला या भाषेची गोडी लागली ती अशा गोष्टींमुळे.

आता विभक्ती बघा, सगळा निकाल तिथेच लागतो. 'ई' (मध्ये) या शब्दयोगीपुढे गती असेल तर द्वितीया येते: 'फारा ई वीकिंग', मोहिमेवर जाणे. माणूस तिथेच असेल तर चतुर्थीचं रूप येतं: 'ई वीकिंगु'. दक्षिण स्वीडनमध्ये स्कोने प्रांतात वेस्त्रा स्त्रो इथे एक रूनशिला, म्हणजे रून या जुन्या लिपीत कोरलेला दगड, आहे. उत्तरेकडे 'ई वीकिंगु' मेलेल्या भावासाठी भावाने ती कोरून घेतली. मोहिमेवर असताना मेला, म्हणून '-उ'. क्रियापदाला असा प्रत्यय लागत नाही.

व्युत्पत्तीवर मात्र अभ्यासकांचं एकमत नाही. 'वीक' म्हणजे खाडी, तिथून आलेला, ही जुनी समजूत. पण ऑस्लोजवळच्या वीक भागातल्या रहिवाशांना 'वीकवेर्यर' म्हणत, वीकिंग नव्हे. दुसरं मत 'विका'वरून: वल्हेकऱ्यांची पाळी बदलेपर्यंत कापलेलं सागरी अंतर. मला हे जास्त पटतं, कारण त्यात शिडांच्या आधीचा, वल्ह्यांचा काळ दिसतो. आणि शब्द जुना आहेच, इ.स. ७०० च्या सुमाराच्या इंग्रजी शब्दसूचीत तो चाचेगिरीच्या अर्थाने सापडतो, तर वायकिंग काळाची सुरुवात जिथून धरतात तो इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न मठावरचा हल्ला ७९३ चा.

मूळ सागा (जुन्या नॉर्समधल्या गद्य कथा) वाचायला घेणार असाल तर 'वीकिंगर' या रूपाशी थांबा. ते पुल्लिंगी अनेकवचन (लुटारू) असतं, तसंच स्त्रीलिंगी षष्ठी एकवचनही (मोहिमेचा). आधी वाक्यातलं क्रियापद अनेकवचनी आहे का बघा.