पोटाच्या वरच्या भागात सारखं दुखतं, हे पित्तच असेल का?

तुम्ही लिहिलंय की बरगड्यांखाली मधोमध दुखतं, जेवल्यावर वाढतं आणि दोन महिने मेडिकलमधून आणलेल्या पित्ताच्या गोळीवर भागतंय. मी डॉक्टर नाही, पण असल्याच गोळीवर आठ महिने काढलेत, म्हणून लिहितो.

आपल्याकडे 'पित्त' या शब्दाने फार घोळ घातलाय. छातीत जळजळलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त (आई आमसुलाचं पाणी चोळायची), डोकं दुखून उलटी झाली तरी पित्तच. त्यामुळे माझं दुखणं सुरू झालं तेव्हा निदान घरीच झालं. थंड दूध, सोडा, सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल, म्हणजे आम्ल कमी करणारी ती पित्ताची गोळी. पण जळजळ करतं ते जठरातलं आम्ल. खरं पित्त यकृतात तयार होतं आणि पित्ताशयात साठतं. माझ्या पित्ताशयात खडे होते!

खुणा होत्या, मीच पाहिल्या नाहीत. जळजळ मला कधीच नव्हती. तळकट-तुपकट जेवलो की तास-दोन तासांनी, बहुधा रात्री, कळ यायची. मधोमध सुरू होऊन उजव्या बरगडीखाली आणि तिथून मागे उजव्या फऱ्यापर्यंत जायची. कुशीवर, पालथा, उकिडवा, कसाही बसलो तरी उतरायची नाही. मग आपोआप थांबायची आणि श्रेय गोळीला जायचं.

खडे कळल्यावर पानफुटी आणि कुळथाचं कढण सुचवणारे बरेच भेटले. ते मुतखड्यासाठी म्हणून घेतात; पित्ताशयातले खडे लघवीच्या वाटेवर नसतातच. मी दुर्बिणीतून पित्ताशय काढून घेतलं. नुसते खडे काढले तर पुन्हा होतात म्हणे. खडे असून त्रास नसेल तर सहसा ऑपरेशन करत नाहीत, पण कळा सुरू झाल्यावर थांबू नये. एखादा बारका खडा नळीत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

तुम्हाला खडेच असतील असं नाही. जेवल्यावर दुखणं जठराच्या अल्सरमध्येही वाढतं. गुडघे-कंबरेसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन या दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना आधी ते सांगा, त्यांनीही अल्सर होतो. अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी तो 1984 साली स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली, आणि 2005 साली रॉबिन वॉरन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. या जिवाणूवर अँटिबायोटिक्सचा साधारण दोन आठवड्यांचा कोर्स असतो. त्याच्या तपासणीआधी पित्ताची गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर रिपोर्ट चुकीचा निगेटिव्ह येऊ शकतो. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा.

दुखण्यासोबत घाम, धाप, छातीवर दडपण किंवा जबड्यात-हातात कळ असेल, तर पित्त म्हणून सोडा पीत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठून ईसीजी काढा. हार्ट अटॅकही पोटाच्या वरच्या भागात दुखवतो, मधुमेह असेल तर जास्तच सांभाळा. डांबरासारखी काळी शी, रक्ताची उलटी किंवा काविळीसोबत ताप, यातलं काही दिसलं तरी त्याच दिवशी जा.

सोनोग्राफीला सहा-आठ तास उपाशी जायचं असतं. मी चहा-खारी खाऊन गेलो होतो. पित्ताशय आकसून बसलेलं, काही नीट दिसेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभा राहिलो.