मोनेच्या ‘ला जापोनेझ’ चित्रातील स्त्रीने किमोनो चुकीचा नेसला आहे का?

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या ‘ला जापोनेझ’ (म्हणजे ‘जपानी स्त्री’) या चित्रातील स्त्रीच्या कमरेला ओबी, म्हणजे किमोनोवर बांधायचा रुंद पट्टा, का दिसत नाही, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ती चूक नाही, कारण तिच्या अंगावरचे वस्त्र उचिकाके या प्रकारातले आहे. उचिकाके हा किमोनो नेसून, ओबी बांधून झाल्यावर सर्वांत वरून घ्यायचा आणि न बांधता मोकळा सोडायचा भरजरी झगा असून, त्याच्या खालच्या काठात कापूस भरलेला असल्यामुळे तो जमिनीवर लोळताना डौलाने पसरतो. चित्रातही तो पायांभोवती तसाच पसरला आहे. त्यावरची तलवार उपसणाऱ्या योद्ध्याची ठसठशीत आकृती पाहता तो बहुधा रंगभूमीसाठीचा पोशाख असावा.

खरी गंमत नेसणारीत आहे. ही मोनेची पत्नी कामीय. तिचे केस मुळात काळे होते. तरीही तिला सोनेरी केसांचा टोप घालून उभे केले आहे आणि तिच्या हातातल्या पंख्यावर फ्रेंच ध्वजाचे तिन्ही रंग आहेत. जपानची बंदरे 1854 नंतर पाश्चात्त्यांसाठी खुली होऊ लागली, 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात जपानी वस्तू मांडल्या गेल्या आणि पंखे, छापचित्रे, किमोनो यांचे तिथे वेडच लागले. 1876 मधले हे चित्र त्या वेडाचे आहे, जपानचे नव्हे. मला तर त्यात थोडी थट्टाही दिसते. पुढे स्वतः मोनेलाही ते आवडेनासे झाले.

हे चित्र बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. 2015 मध्ये तिथे त्या झग्याची प्रतिकृती अंगावर घेऊन चित्रासमोर छायाचित्र काढण्याची सोय केली होती, तेव्हा परक्या संस्कृतीला वेशभूषेचा खेळ केल्याचा आक्षेप घेऊन काही जणांनी निदर्शने केली. उलट, किमोनो नेसून आलेल्या काही जपानी स्त्रियांनी उपक्रमाची बाजू घेतली. मला आक्षेपापेक्षा त्यांचे म्हणणे अधिक पटते, कारण जपानमध्ये परक्यांनी किमोनो नेसण्याला सहसा विरोध होत नाही. क्योतोत तर पर्यटकांना तो भाड्याने देणारी दुकाने जागोजागी आहेत. संग्रहालयाने मात्र माघार घेतली आणि त्यानंतर प्रेक्षकांना त्या झग्याला हात लावता येई, तो अंगावर घेता येत नसे.