‘बॉयकॉट’ हे खरंच कुणाचं आडनाव होतं का?

प्रश्न असा आहे: क्रिकेटपटू जेफ्री बॉयकॉटचं आडनाव आणि ‘अमक्याला बॉयकॉट करा’ यातला बॉयकॉट यांचा काही संबंध आहे, की नुसता योगायोग? आणि ‘बहिष्कार’, ‘वाळीत टाकणे’ हे घरचे शब्द असताना हा परका पाहुणा कशाला?

आडनावच आहे ते, पण जेफ्रीचं नव्हे. शब्द त्याच्या जन्माच्या साठ वर्षं आधीचा. १९६७ साली हेडिंग्लेला त्याने आपल्याविरुद्ध नाबाद २४६ धावा केल्या आणि फार संथ खेळला म्हणून पुढच्या कसोटीतून त्यालाच वगळलं. आडनावाला इतका जागलेला माणूस विरळाच!

शब्दाचा खरा धनी चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. जन्म १८३२, इंग्लंडमधल्या नॉरफकचा. लोक त्याला कॅप्टन म्हणायचे, पण सैन्यात तो जेमतेम दोन-तीन वर्षं होता आणि त्या हुद्द्यापर्यंत पोचलाच नव्हता. पुढे तो आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी झाला. खंड वसूल करायचा, आणि थकला तर कुळाला बेदखल करायचं, हे त्याचं काम. १८८० साली कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली, मालक दहाच्या पुढे सरकेना. सप्टेंबरात बेलीफ पोलीस घेऊन नोटिसा बजावायला निघाला, तर बायकांनी चिखल आणि शेण मारून त्याला पिटाळलं.

त्याच्या दोन-तीन दिवस आधी आयर्लंडमधल्याच एनिस गावच्या सभेत पार्नेल या आयरिश पुढाऱ्याने एक तोडगा सांगितला होता. बेदखल झालेल्याची जमीन जो घेईल त्याचं काय करायचं, असं त्याने विचारलं. गर्दीतून आवाज आला, ‘गोळी घाला’. पार्नेल म्हणाला, त्याहून बरा मार्ग आहे: रस्त्यात, दुकानात, बाजारात, अगदी चर्चमध्येसुद्धा त्याच्याशी संबंध तोडा. मेयोच्या लोकांनी हा तोडगा कारभाऱ्यालाच लावला. गडी-मोलकरणी काम सोडून गेल्या, लोहार नाल ठोकेना, कपडे धुणारी येईना, जवळच्या बॅलिनरोब गावचे दुकानदार माल देईनात. पीक शेतात उभं. शेवटी उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातून पन्नास मजूर आणले आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास सैनिक-पोलीस उभे केले. सुमारे पाचशे पौंडांचं पीक काढायला दहा हजार पौंड खर्च झाल्याचा अंदाज आहे. नोव्हेंबर संपता संपता साहेब मेयो सोडून गेले.

नाव क्रियापद कसं झालं, त्याची हकीकत जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने नोंदवली आहे. इंग्रजीतला ‘ऑस्ट्रसाइझ’ (समाजाबाहेर टाकणे) हा जड शब्द शेतकऱ्यांना कळायचा नाही, म्हणून त्याने फादर जॉन ओ’मॅली या पाद्र्याला दुसरा शब्द विचारला. पाद्री म्हणाला, ‘बॉयकॉट करणे’ म्हटलं तर? महिन्या-दोन महिन्यांत लंडनची वर्तमानपत्रं तो वापरू लागली. पुढच्याच वर्षी बॉयकॉट अमेरिकेला गेला तेव्हा जहाजाच्या यादीत त्याने नुसतं ‘चार्ल्स कनिंगहॅम’ लिहवलं होतं. पत्रकारांनी त्याला ओळखलंच.

आता मराठी. मुळातला बॉयकॉट म्हणजे चक्क वाळीत टाकणं होतं: एक माणूस आणि त्याच्याशी सगळ्यांनी तोडलेला व्यवहार. पण वाळीत जात किंवा गावकी टाकते, आणि बहुधा दुबळ्याला. मेयोत उलट झालं, दुबळ्यांनी मिळून साहेबाला टाकलं. शिवाय आपण माणसाला किंवा कुटुंबालाच वाळीत टाकतो. ‘विलायती साखर वाळीत टाकली’ असं कुणी म्हणत नाही. १९०५च्या वंगभंगानंतर मालासाठी शब्द हवा होता, तो भार ‘बहिष्कार’ने उचलला आणि स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीने तो टिळकांच्या चतुःसूत्रीत बसला. त्याचा जुना, जातीबाहेर काढण्याचा अर्थ मात्र गेला नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली आपल्या वृत्तपत्राला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिलं ते त्याच अर्थाने, आणि जातपंचायतींविरुद्धच्या २०१६च्या महाराष्ट्राच्या कायद्यातही ‘सामाजिक बहिष्कार’च आहे.

म्हणजे स्वातंत्र्याचं हत्यार आणि जातीचा जाच, दोन्हींना एकच शब्द. माझ्या मते ‘बॉयकॉट’ला मराठीत जागा मिळाली ती यामुळे: त्याला जातपंचायतीचा वास नाही. सिनेमा, मोबाइल, मालिका यांच्याबाबत तरुण पोरं तो सहज वापरतात. हरकत नाही, फक्त विभक्ती सांभाळा. बहिष्काराला ‘वर’ लागतो: गावाने मतदानावर बहिष्कार टाकला. बॉयकॉटला ‘ला’ चालतो किंवा काहीच नाही: त्या सिनेमाला बॉयकॉट करा, तो सिनेमा बॉयकॉट करा. ‘सिनेमाला बहिष्कार करा’ ही मात्र दोन्हींची खिचडी. हल्ली ती फार वाचायला मिळते आणि दर वेळी दाताखाली खडा येतो.