एक्सेलला क्वांटलिब जोडायची आहे: क्वांटलिब-एक्सएल घेऊ की पायथनमधून जाऊ?

पायथनमधून जा. विचारलंत त्याचं उत्तर एवढंच. (नवख्यांसाठी: क्वांटलिब म्हणजे बाँड वगैरेंच्या किमती काढणारी मोफत लायब्ररी, क्वांटलिब-एक्सएल म्हणजे ती एक्सेलच्या सेलमधून वापरायची जोडणी.) पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की 'सध्याच्या शीटमध्ये फाइल उघडल्यावर पहिल्यांदा बाँडच्या किमती चुकीच्या येतात, पुन्हा रिकॅल्क्युलेट केलं की बरोबर होतात, हे नॉर्मल आहे ना?' ते वाचून हात शिवशिवले.

अजिबात नॉर्मल नाही. याच एका गोष्टीवरून आधीच्या नोकरीत मी सरांशी वर्षभर भांडलोय.

आमच्याकडे बाँड पोर्टफोलिओचं महिनाअखेरचं मूल्यांकन एका अगडबंब शीटमध्ये व्हायचं, क्वांटलिब-एक्सएल वापरून. एका सेलमध्ये शेड्यूल (व्याजाच्या तारखा), दुसऱ्यात कर्व्ह (मुदतीनुसार व्याजदर), तिसऱ्यात बाँड. सेलमध्ये दिसतं काय, तर 'कर्व्ह#०००३' असलं नाव. खरा ऑब्जेक्ट मेमरीत. फाइल बंद केली की नाव सेलमध्ये राहतं, ऑब्जेक्ट जातो. दारावर पाटी आहे, आत बिऱ्हाड नाही. म्हणून फाइल उघडली की कंट्रोल-ऑल्ट-एफ९ दाबून सगळं नव्यानं बांधायचं, हा शिरस्ता.

एका महिन्याला ३० तारखेच्या भावांवर मी आकडे काढून दिले. ३ तारखेला तपासणाऱ्यांनी तीच फाइल उघडली तर त्यांचे आकडे वेगळे. बहुतेक बाँडमध्ये फरक दशांशात, पण एकाची डर्टी प्राइस (साठलेल्या व्याजासकटची किंमत) जवळजवळ ४नं खाली. सरांचं निदान तयारच होतं: "फुकटची लायब्ररी, दुसरं काय होणार!" मी सगळ्यांसमोर फाइल उघडली, सवयीनं दोनदा दाबलं, तर आकडे माझेच आले. झालं, आता मीच मधल्या वेळात काहीतरी बदललं असणार असा सूर निघाला.

त्या ४नं मला वाचवलं. तो बाँड ८ टक्क्यांचा, सहामाही व्याजाचा, आणि १ तारखेला त्याचं कूपन, म्हणजे व्याजाचा हप्ता, होता. १००वर सहामाही कूपन ४. म्हणजे त्यांच्या शीटच्या हिशेबी कूपन देऊन झालं होतं. ती शीट ३ तारखेला उभी होती आणि मी ३०ला.

क्वांटलिबमध्ये मूल्यांकनाची तारीख ही ग्लोबल सेटिंग आहे, सगळ्या प्रोसेसला मिळून एकच. दिली नाहीत तर लायब्ररी मुकाट्यानं आजची तारीख धरते. आमच्या शीटमध्ये ती द्यायचा सेल होता की! अगदी वर, पिवळ्या रंगात. पण किंमत काढणारा एकही सेल त्याच्याकडे बघत नव्हता. आणि एक्सेल काही सेल वरून खाली चालवत नाही. कोण कुणावर अवलंबून आहे ते बघून तो क्रम लावतो. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही त्यांच्यात आधी कोण, याची हमी नाही. पहिल्या फेरीत आजच्या तारखेनं किमती निघाल्या, मग तारखेचा सेल चालला. दुसऱ्या फेरीत तारीख आधीच बसलेली, म्हणून सगळं बरोबर. तुमच्याकडेही हेच चाललंय, पैज लावतो.

इलाज दहा मिनिटांचा. क्वांटलिब-एक्सएलच्या फंक्शन्सना ट्रिगर नावाचं एक जादा आर्ग्युमेंट असतं. तारखेचा सेल तिथे जोडायचा, की अवलंबून असणं तयार होतं आणि क्रम लागतो. सर म्हणाले, "तारखेचा सेल सगळ्यात वर आहे, तो आधीच चालणार. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालता?" शेवटी झालं काय, तर शीटच्या माथ्यावर लाल अक्षरांत सूचना आली: 'कंट्रोल-ऑल्ट-एफ९ दोनदा दाबावे.' मी नोकरी सोडली तेव्हाही ती तिथेच होती. बरं, दोनदा दाबूनही भागत नाही. त्याच एक्सेलमध्ये शेजारी मागच्या महिन्याची फाइल उघडी असेल तर ती आपली तारीख बसवून जाते, कारण सेटिंग दोघींना मिळून एकच. हेही मी दाखवलं होतं. "मग दुसरी फाइल उघडू नका."

आता तुमचं काम. क्वांटलिब पिपनं (पायथनच्या इन्स्टॉलरनं) बसते. एक्सेलशी जोडायला एक्सएलविंग्ज किंवा पायएक्सएलएल. ऑब्जेक्ट सेलमध्ये ठेवूच नका. मूल्यांकनाची तारीख आणि बाँडची आख्खी रेंज एकाच फंक्शनला द्या, आत पहिल्या ओळीत इव्हॅल्युएशन डेट बसवा, आणि किमतींचा कॉलम परत घ्या. तारीख आर्ग्युमेंट म्हणून आत गेली की क्रमाचा घोळच मिटतो.

तारखांचं एक बरं आहे: क्वांटलिबचा सीरियल नंबर एक्सेलशी जुळतो, ४५२९२ म्हणजे दोन्हीकडे १ जानेवारी २०२४. मात्र एक्सेलकडून आकडा ४५२९२.० असा येतो, त्याचा आधी इंट (पूर्णांक) करा, नाहीतर एरर. सेलला तारखेचा फॉरमॅट असेल तर एक्सएलविंग्ज थेट डेटटाइम हातात देते, तेव्हा दोन्ही शक्यता सांभाळा. आणि फाइल १९०४च्या तारीख-पद्धतीत (एक्सेलची दुसरी पद्धत, दिवस १९०४पासून मोजणारी) असेल तर १४६२ दिवसांचा फरक पडतो. तीच १ जानेवारी २०२४ सीरियल नंबरनं गेली तर ३१ डिसेंबर २०१९ होऊन बसते, एररबिरर काही नाही.

डे-काउंट (व्याजासाठी दिवस मोजायची पद्धत) गृहीत धरू नका. १ जानेवारी ते १ जुलै २०२४ हे १८२ दिवस. त्याच ८ टक्क्यांवर ॲक्चुअल/३६५नं ३.९९ येतात, ३०/३६०नं पूर्ण ४.

हो, हे आधी सांगायला हवं होतं: एक्सएलविंग्जची सेलमध्ये लिहायची ही पायथन फंक्शन्स, आपल्याच संगणकावरच्या पायथनमधून चालवायची तर, विंडोजवरच चालतात. मॅक असेल तर बटण दाबून मॅक्रोतून पायथन चालवा. पाच-दहा साधे बाँड असतील तर यातलं काहीच नको, एक्सेलचं प्राइस फंक्शन पुरतं. आणि चालू शीट मोठी असेल तर पायथनच्या नादानं लगेच मोडू नका, आधी फक्त ट्रिगर जोडा आणि पहिल्याच फेरीत काय येतं ते बघा.

आकडे बरोबर आले तर त्या पहिल्या फेरीचा स्क्रीनशॉट इथे टाका. मला तो एका माणसाला पाठवायचा आहे.